टाकी कधी भरायची?

बरेच दिवस हे लिहायचं डोक्यात होतं. मामाला विचारलं तर म्हणाला, "लिही, पण नाव घालू नकोस." म्हणून नुसता मामा. घरातले ओळखतीलच.

ऑगस्ट 2018 मध्ये मामा-मामी दादाकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे, अमेरिकेत शार्लटला गेले होते. हे गाव म्हणजे नॅसकारवाल्यांची पंढरी. बहुतेक रेसिंग टीमची वर्कशॉप्स तिथे आणि आसपास. रविवारी दादानं टीव्हीवर वॉटकिन्स ग्लेनची शर्यत लावली. मामाला इंग्रजी कॉमेंट्री कळायचा प्रश्नच नव्हता. तो सोफ्यावर पाय घेऊन चहा पीत बसला होता. दादा सांगतो, अर्धी शर्यत झाल्यावर मामा एकदम म्हणाला, "आता हा एकदाच थांबणार, बघ. भरून घेईल आणि मग सरळ घरी."

दादाला दोन वर्षं लागली होती ते कळायला!

तुमच्यापैकी ज्यांना या शर्यतींचं काही माहीत नाही (मलाही नव्हतं) त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानातून घेतो तशी साधी गाडी. आता ते नावापुरतंच उरलंय. बहुतेक शर्यती अंडाकृती ट्रॅकवर होतात, पण काही ठिकाणी डावी-उजवी वळणं, चढउतार असलेला रस्त्यासारखा मार्ग असतो. वॉटकिन्स ग्लेन त्यातलं. एक फेरी जवळजवळ चार किलोमीटरची, अशा 90. त्या वर्षी गाडीच्या टाकीत 18 गॅलन, म्हणजे साधारण 68 लिटर पेट्रोल मावायचं. एका टाकीत शर्यत संपत नाही, थांबावंच लागतं. आणि तिथे पेट्रोल पाइपनं भरत नाहीत. एक माणूस भलामोठा डबा खांद्यावर घेऊन धावत येतो आणि ओततो.

अंडाकृती ट्रॅक छोटा असला तर थांबलेली गाडी एक-दोन फेऱ्यांनी मागे पडते. इथे फेरी सव्वा मिनिटाच्या आसपास चालते, त्यामुळे थांबूनही तुम्ही त्याच फेरीत राहता. म्हणून इथले हुशार लोक शर्यत शेवटाकडून मोजतात. शेवटच्या झेंड्यापासून एका टाकीचं अंतर मागे यायचं, ती फेरी आली की आत शिरायचं. बाकीचे पुढे पळत असले तरी पळू देत. त्यांना अजून थांबायचंय. आणि मध्येच अपघात होऊन पिवळा झेंडा लागला, सगळे हळू झाले, तर आधी भरून घेतलेल्याची चांदी.

त्या दिवशी चेस एलियट नावाचा पोरगा जिंकला. मोठ्या मालिकेतला त्याचा पहिलाच विजय. आणि जिंकल्यावर लगेच त्याची गाडी बंद पडली, टाकी कोरडी! जिमी जॉन्सननं मागून आपल्या गाडीनं ढकलत त्याला परत आणलं. मामा खूश. "बघ, ढकलायला शेवटी दुसरा ड्रायव्हरच येतो."

मामाला हे शिकवलं कुणी? लालबागनं.

खरं तर रेसिंगच्या गाड्या त्यानं त्याआधीही पाहिल्या होत्या, बारा वर्षांचा असताना. 24 नोव्हेंबर 1968 ला लंडनहून 98 गाड्या सिडनीला निघाल्या होत्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत दिल्ली, आणि दिल्लीहून मुंबई. त्याही साध्याच गाड्या, कॉर्टिना, हिलमन, सिट्रोएन, फक्त मजबूत केलेल्या. मुंबईत जमीन संपली. त्यातल्या 72 गाड्या पी अँड ओच्या 'चुसान' बोटीवर चढल्या आणि 5 डिसेंबरच्या पहाटे ऑस्ट्रेलियाकडे निघाल्या. मामा आणि चाळीतली पोरं सायनला आग्रा रोडच्या तोंडाशी जाऊन उभी होती. त्याला आठवतो तो धुळीनं माखलेला बोनेट आणि टपावर बांधलेली टायरं.

मुंबईपर्यंत पुढे होता रॉजर क्लार्क, फोर्डच्या लोटस कॉर्टिनात. ऑस्ट्रेलियात त्याचं इंजिन बिघडलं, तर सहकाऱ्याच्या गाडीतले भाग काढून बसवले. मग डिफरन्शियल गेला, तर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसाच्या कॉर्टिनाचा पटवून मिळवला! तरी दहावा आला. जिंकला अँड्र्यू कोवान, साध्यासुध्या हिलमन हंटरमध्ये. हे सगळं मी मामाला अलीकडे सांगितलं. तो म्हणाला, "डिफरन्शियल रस्त्यात मिळतो रे. गॅस नाही मिळत."

गॅसचं आता सांगतो.

मामा गिरणीत होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि तो संप कधी संपलाच नाही. लालबाग-परळच्या किती घरांत त्यानंतर काय काय झालं ते वेगळं लिहायला हवं. मामानं टॅक्सीचा बॅज काढला. आधी दुसऱ्याची गाडी चालवली, नव्वदीत स्वतःची प्रीमियर पद्मिनी घेतली. रात्री जोडीदार चालवायचा. पेट्रोलच्या दिवसांत टाकीचा विचारच करावा लागत नसे, पाच मिनिटांत भरून बाहेर.

मग धुराची केस झाली. डिसेंबर 1999 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं व्ही. एम. लाल समिती बसली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावं लागलं. हवा सुधारली हे कबूल करायला हवं, आणि गॅस स्वस्तही पडायचा. पण डिकीत सिलिंडर आला, पॅसेंजरची बॅग टपावर गेली, आणि एका भरण्यात मिळणारी मजल कमी झाली. सुरुवातीला पंप मोजके. रांग तासाची, कधी दोन तासांची. शिवाय गॅस दाबानं भरतात. पंपाचा दाब कमी असला तर सिलिंडर पूर्ण भरतच नाही. काटा दाखवतो एक, गाडी चालते दुसरंच.

मामाचा दिवस तेव्हापासून उलटा मोजला जाऊ लागला. संध्याकाळी पाचला लालबागला गाडी जोडीदाराला द्यायची, भरलेली द्यायची. म्हणजे साडेतीनपर्यंत रांगेत लागायचं. म्हणजे दोननंतर लांबचं भाडं नाही. दुपारी जेवणाच्या वेळी रांग लहान असते, तेव्हा अर्धा सिलिंडर असला तरी घुसायचं. बाकीचे धंदा करत असतील, करू देत, त्यांना अजून थांबायचंय. (हे वाक्य मी वर शर्यतीबद्दल लिहिलंय ते मामाचंच आहे.) थोडं पेट्रोल टाकीत कायम ठेवायचं, ते फक्त अडीअडचणीला. पुढे चढ दिसला की आधीच पाय हलका. वॉटकिन्स ग्लेनलाही पेट्रोल वाचवायला वळणाआधी पाय लवकरच उचलतात.

भाडं नाकारणं नियमात बसत नाही, हे मामालाही माहीत होतं. आम्ही सगळे टॅक्सीवाल्यांना त्यावरून शिव्या घालतो, मीही घालतो. पण त्याचा हिशेब एकदा समोर मांडलेला बघितला की शिवी थोडी हळू निघते.

26 जुलै 2005. दुपारी दीडच्या सुमाराला दादर टीटीला एक माणूस काचेशी वाकला. पन्नाशीचा, हातात फाइल आणि छत्री. अंधेरी. काटा पावच्या खाली होता. मामा म्हणाला, "गॅस नाही साहेब, दुसरी बघा." तो मुकाट बाजूला झाला. मामा परळच्या बाजूला पंपाच्या रांगेत जाऊन लागला. नंबर येईपर्यंत पाऊस असा झाला की हिंदमाताला रस्ता दिसेना. गाडी उंचवट्यावर लावून तो चालत घरी आला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला 73. गाड्यांच्या काचा वर, दारं बंद, पाणी चढलेलं आणि आत माणसं, हे आपण सगळ्यांनी नंतर वाचलं.

मामी म्हणते, गॅस संपत आला होता म्हणून वाचलात. गाडीही वाचली. जोडीदारानं तीन दिवसांनी तीच घेऊन धंदा केला. पुढे वयाच्या नियमानं ती मोडीत गेली. ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली तेव्हा पेपरात फोटो आले. मामानं कापून ठेवला नाही. मी विचारलंही.

त्याऐवजी तो परत त्या फाइलवाल्यावर आला. दुसरी टॅक्सी मिळाली असेल का त्याला? आणि मिळाली असेल तर ती कुठपर्यंत गेली असेल? "काटा अर्ध्यावर असता ना," मामा म्हणाला, "तर मी नेला असता रे त्याला."