अंथरुणातून उठण्याचा इतिहास

दुर्बिणीतून मणक्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस आज बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खाटेवरून उतरून चालू लागतो. घरी आला की मात्र भेटायला येणारा प्रत्येक जण त्याला बजावतो, "पडून राहा, हलू नकोस." डॉक्टर म्हणतात चाला, घर म्हणतं झोपा. रुग्णाने ऐकायचं कुणाचं? याचं उत्तर इतिहासात सापडतं, म्हणून आज तिकडे वळू.

"पडून राहा" हा काही अडाण्यांचा सल्ला नव्हता. लंडनचे सर्जन जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्यानं दिली, १८६३ मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं. दुखरा भाग स्थिर ठेवा, बाकीचं काम निसर्ग करतो, हे त्यांचं सूत्र. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी क्षयाने पोखरलेल्या सांध्यांना सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती दिली. क्षयावर औषधच नव्हतं, त्या काळात ते शहाणपणाचं होतं. पण पुढे झालं असं, की एका रोगावरचा उपाय सगळ्या दुखण्यांचा नियम होऊन बसला. आपण तत्त्वज्ञानवाले याला गृहीतक म्हणतो. ते कुणी तपासलेलं नसतं आणि सगळे मानतात.

१९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी दाखवून दिलं, की पायात उतरणारी कळ सरकलेल्या गादीने नस दाबल्यामुळे येते आणि शस्त्रक्रियेने तिला उतार पडू शकतो. तेव्हाचा छेद मोठा, आणि त्यानंतर अंथरूण ठरलेलं. १९४७ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड अ‍ॅशर यांनी मात्र अंथरुणाचेच धोके मांडले: रक्ताच्या गुठळ्या, झडणारे स्नायू, हाडांतून निघून जाणारं कॅल्शियम, खचणारं मन.

मग साधनं बदलली. १९७७ मध्ये यशारगिल आणि कास्पार यांनी गादीच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. १९९७ मध्ये अमेरिकेत फोली आणि स्मिथ यांनी बारीक नळीतून, दुर्बिणीच्या साहाय्याने तेच काम करण्याची पद्धत मांडली. स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारायचे, एवढाच काय तो मोठा फरक.

पण नुसतं साधन बदलून सवय बदलत नाही, सल्लाही तपासावा लागतो. १९८६ मध्ये डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या २०३ रुग्णांची तुलना केली. यांची शस्त्रक्रिया झालेली नव्हती, हे लक्षात घ्या. काहींना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले, आणि बाकी प्रकृतीत फरक नव्हता. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतले सर्जन कॅरागी यांनी गादीच्या मर्यादित शस्त्रक्रियेनंतर १५२ रुग्णांवर कसलंच बंधन घातलं नाही. रुग्ण लवकर कामावर गेले, गुंतागुंत वाढली नाही.

म्हणजे आता धावत सुटायचं का? तर नाही. इथे आपली दुसरी फसगत होते. कातडीवरचा छेद लहान, म्हणून आतली जखमही लहान, असं आपण धरून चालतो. गादीच्या कवचातली फट भरायला कातडीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. दबलेली नस हळूहळू सावरते, म्हणून पायातला बधिरपणा रेंगाळतो. स्क्रू घालून मणके जोडले असतील, तर हाड जुळायला महिने जातात. कॅरागींचा निष्कर्ष अशा रुग्णांना लावता येत नाही.

तेव्हा थोडं थोडं, दिवसातून अनेकदा चालावं. एका जागी फार वेळ बसू नये. वाकणं, वजन उचलणं, पिळा देणं, जमिनीवर बसणं, स्कूटर चालवणं कधी सुरू करायचं, हे आपल्या सर्जनलाच विचारावं. शेजारच्यांची शस्त्रक्रिया वेगळी असू शकते. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, पोटरी सुजली, ताप आला किंवा जखम वाहू लागली, तर मात्र वाट पाहायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचं.

विश्रांती वाईट नव्हे. तिलाही औषधासारखी मात्रा असते, आणि ती मात्रा मोजायचं आपण फार उशिरा शिकलो. आता घरच्यांनी "पडून राहा" म्हणण्याऐवजी "चला, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ" म्हणावं, आणि स्वतःही सोबत निघावं.