करवंटीच्या कोळशांतील वीज

नारळ फोडला, खोबरें काढलें, कीं करवंटी बंबांत जाते. पण हीच करवंटी विजेची कोठीहि होऊं शकते. तो इतिहास थोडक्यांत सांगतों.

विद्युद्वाहक पदार्थ क्षारद्रवांत बुडविला असतां दोहोंच्या सीमेवर विरुद्ध विद्युद्भारांचे दोन थर समोरासमोर ठाकतात, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं १८५३ सालीं मांडली. वीज सांठविण्यास ही युक्ति नामी. मात्र पृष्ठभाग अफाट हवा. तेथें शतकभर घोडें अडलें. अखेर १९५७ सालीं अमेरिकेंत हॉवर्ड बेकर यांना सच्छिद्र कर्बाच्या विद्युदग्रांचें पेटंट मिळालें.

पुढें या कामीं करवंटीचा कोळसा सरस ठरला. तो वाफेंत प्रखर तापविला म्हणजे त्यांत असंख्य रंध्रें उघडतात. बहुतेकांची रुंदी मीटरच्या अब्जाव्या भागाच्या एकदोन पटच. त्यामुळें एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरांहून, म्हणजे सुमारें दहा गुंठ्यांहून, अधिक भरतो!

हा सांठा बॅटरीइतका मोठा नसतो. परंतु कांहीं सेकंदांत भरतो आणि लाखों वेळां भरला-उपसला तरी टिकतो.

तत्त्व हातीं असून शास्त्र शंभर वर्षें योग्य पदार्थासाठीं थांबलें. आणि तो पदार्थ आमच्या कोंकणांत परसोपरसीं पडून होता.