टी म्हणजे तिसरी

भूकंपाच्या लहरी म्हटलं की शाळेतल्या पी आणि एस आठवतात. पहिली आणि दुसरी. १९४० मध्ये बोस्टनजवळच्या वेस्टन वेधशाळेतले जेसुइट पाद्री डॅनियल लाइनहन यांना वेस्ट इंडीजकडच्या भूकंपांच्या आलेखांत या दोघींच्या बऱ्याच मागून येणारी एक बारीक थरथर दिसली. त्यांनी नाव ठेवलं टी. लॅटिनमधली तिसरी. (मराठीतही चपखल बसतं की!)

ती एवढी रेंगाळते कुठे, हे १९५० मध्ये टॉलस्टॉय आणि युइंग यांनी उलगडलं. हे टॉलस्टॉय कादंबरीवाले नव्हेत, इव्हान. ती पाण्यातून येते! एस लहर पाण्यात चालतच नाही, पण समुद्रतळ हादरला की पाण्यात आवाज शिरतो. साधारण एक किलोमीटर खोलीवर आवाजाचा वेग सर्वांत कमी. वर ऊब, खाली दाब, दोन्हीकडे वेग जास्त. म्हणून आवाज पुन्हा पुन्हा त्याच थरात वळतो आणि फारसा न विरता हजारो किलोमीटर जातो. तळाखालच्या खडकात पी सेकंदाला आठेक किलोमीटर धावते, ही जेमतेम दीड.

२६ डिसेंबर २००४. सुमात्राजवळचा समुद्रतळ सुमारे आठ मिनिटं फाटत होता. दिएगो गार्सियाजवळ पाण्यात सोडलेल्या ध्वनिग्राहकांपर्यंत तो आवाज अर्ध्या तासाच्या आसपास पोचला. ते तिथे होते अणुचाचण्यांवर कान ठेवायला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट यायला त्यानंतरही तासाहून जास्त वेळ होता. पण हिंदी महासागरात तेव्हा त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादचं केंद्र सुरू झालं २००७ मध्ये.