भिंतीच्या सांध्यातलं दूध

अमेरिकेतल्या घरांच्या कोरड्या भिंतींची, म्हणजे ड्रायवॉलची, कुळकथा सगळे ऑगस्टीन सॅकेटपासून सुरू करतात. 1894 साली त्याने कागदाच्या थरांमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस घातलेल्या तक्त्याचं पेटंट घेतलं. 1909 मध्ये युनायटेड स्टेट्स जिप्समने त्याचा धंदा विकत घेतला, 1917 मध्ये ‘शीटरॉक’ हे नाव आलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरं भराभर उभी करायची निकड लागली तेव्हा ओला गिलावा मागे पडला. झाला इतिहास! यात तक्ता आहे, सांधा कुठेच नाही. भिंत बिघडते ती मात्र सांध्यात.

चार बाय आठ फुटांचे दोन तक्ते शेजारी ठोकले की मध्ये फट राहणारच. आधी तिच्यावर लाकडी पट्टी मारून मोकळे होत. पुढे तक्त्याच्या लांब कडा किंचित उतरत्या करायची युक्ती निघाली. त्या खोलगट जागेत लांबी भरायची, तिच्यात दोनेक इंच रुंदीची कागदी पट्टी बसवायची, वरून आणखी दोन हात मारायचे. आता, ही लांबी कशाची? चुनखडीची भुकटी, अभ्रक, ॲस्बेस्टॉसचे तंतू हे सगळं भरताड. ते धरून ठेवणारा ऐवज होता केसीन. दूध नासल्यावर पाणी वेगळं होऊन जो चोथा उरतो, त्यातलं मुख्य प्रथिन. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या कित्येक बैठकीच्या खोल्या अक्षरशः दुधावर सांधलेल्या होत्या.

दूध भिंतीत शिरलं कुठून? सरळ उत्तर म्हणजे रंगातून. केसीनचे रंग जुनेच. आपल्याकडच्या डिस्टेंपरमध्येही खडूच्या भुकटीला धरायला सरस किंवा केसीन लागे. रंग घट्ट कालवला की झाली लांबी, असं हे मत. ऐकायला पटतं, पण मला ते अर्धंच वाटतं.

माझ्या मते दूध आलं विमानातून. पहिल्या महायुद्धातली विमानं लाकडाची होती आणि त्यांचं प्लायवुड जोडायला केसीनचा सरस वापरत. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने त्या काळात ओल सोसणाऱ्या केसीन सरसावर बरंच काम केलं. केसीन नुसत्या पाण्यात विरघळत नाही, त्याला चुन्यासारखं काही अल्कधर्मी लागतं. चुना घातलेला सरस वाळला की सहजी सुटतही नाही. कोरडी पूड, पाण्यात कालवायची, थोडा वेळ मुरू द्यायची, पुन्हा ढवळायची, ही सुताराची रीत. लांबीची पूडही तशीच मुरवत.

रंगपक्ष म्हणेल, केसीनचा रंगही मुरवावाच लागतो. कबूल. पण रंगाला एकाच पृष्ठभागाला धरून राहायचं असतं. सांध्यात कागदाला कागद जोडायचाय, मध्ये फट आहे आणि मागचं लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आटतं. हे काम सरसाचं. भरताड रंगवाल्यांकडून आलं असेल, तेवढं मी त्यांना सोडतो. पकड मात्र विमानवाल्यांची.

जुन्या घराची भिंतही माझ्याच बाजूने बोलते. न्यू जर्सीत 1950 च्या आसपासचं घर घेतलेले आपले लोक सांध्यावरचे फुगे आणि लांबलचक चिरा पाहून पायाच खचला म्हणून घाबरतात. बहुतेकदा दोष पट्टीचा असतो. केसीन हे प्रथिन, त्यामुळे ओलीत त्याला बुरशी लागते, ते कुजतं आणि पकड जाते. शिवाय लावणाऱ्याने पट्टीखाली लांबी कमी ठेवली असेल तर तिथे पहिल्या दिवसापासून पोकळी. सुटलेलं टोक हळूच ओढून पाहावं. तक्त्याचा कागद सोबत फाटून आला तर सरस जिवंत आहे. पट्टी कोरड्या, स्वच्छ पाठीने निघाली तर तो मेला, आणि अशा पट्टीवर नवी लांबी थापणं म्हणजे पैसे पाण्यात.

सुटलेलं तेवढं कापून काढावं, धुळकट जागेवर प्रायमर मारावा, पहिला हात पाणी घातल्यावर रासायनिकरीत्या घट्ट होणाऱ्या लांबीचा द्यावा. मग कागदी पट्टी, आणि प्रत्येक हात आधीपेक्षा रुंद. तक्त्यांची आखूड टोकं जिथे भिडतात तिथे उतरती कड नसते, म्हणून उंचवटा येतोच. तो दोन-दोन फूट पसरवून लपवावा लागतो, नाहीतर खिडकीच्या तिरप्या उजेडात दिसतो. पण ओढण्या-कापण्याआधी एक काम. अमेरिकेत ॲस्बेस्टॉस घातलेल्या अशा लांबीवर बंदी आली ती 1977 मध्ये. घर त्याआधीचं असेल तर सांध्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, आणि अहवाल हाती येईपर्यंत पॉलिशपेपर पिशवीतच राहू द्यावा.