यशवंतरावांचं घर आणि आमचं इस्लापूर

तर मंडळी, या वीकेंडला पुण्याहून गाडी काढली आणि देवराष्ट्रे गाठलं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं हे गाव म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं आजोळ. 12 मार्च 1913 ला त्यांचा जन्म इथे झाला. ते घर आता स्मारक म्हणून जपलंय. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, पुढे देशाचे संरक्षणमंत्री, 1979 मध्ये उपपंतप्रधान... त्या मानाने घर अगदीच साधं. घाईत असाल तर दहा मिनिटांत बघून होईल. मी मात्र बराच वेळ रेंगाळलो.

वडील कराडच्या कोर्टात बेलिफ. यशवंतराव लहान असतानाच ते गेले आणि आई विठाबाईंना मुलांसाठी माहेरचाच आधार उरला. आईला अक्षरओळख नव्हती. गावच्या शाळेत सुरुवात, मग कराड, मध्येच 1932 चा तुरुंगवास, त्यानंतर बी.ए. आणि वकिली. थोरल्या भावांनी घराचा भार उचलला म्हणून धाकट्याला एवढं शिकता आलं. अशा घरात उभं राहिलं की 'गरिबीतून वर आले हो!' म्हणून आपण मोकळे होतो. मला वेगळाच प्रश्न पडला. त्याच आळीतल्या बाकीच्या पोरांचं काय झालं असेल?

आता तुम्ही म्हणाल, नांदेडकडच्या माणसाला एवढं काय त्याचं? सांगतो.

माझं गाव इस्लापूर, किनवट तालुका. सहस्रकुंडचा धबधबा बघायला गेला असाल तर नाव ऐकलं असेल. 1956 पर्यंत आमचं गाव नांदेड जिल्ह्यात नव्हतंच! ते होतं हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यात. राज्य पुनर्रचना कायद्यात 'इस्लापूर सर्कल' असा चक्क नावाने उल्लेख आहे. किनवट आणि राजुरा तालुक्यांबरोबर हे सर्कल मुंबई राज्यात आलं, ते 1 नोव्हेंबर 1956 ला. आणि त्याच दिवशी यशवंतराव त्या द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले.

म्हणजे आमच्या आजोबांनी घर न बदलता निजामाचं राज्य, भारतातलं हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि 1960 पासून महाराष्ट्र, अशी चार राज्यं बघितली. जमिनीचे जुने कागद उर्दूत, बाजारात तेलुगू, गोंडी, बंजारा बोली आणि घरात मराठी.

मग नव्या राज्याने आम्हाला काय दिलं? 23 ऑगस्ट 1958 ला औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. गरीब घरातल्या पोरांना फीमाफी मिळाली, तीच ती 'ईबीसी'. हे सगळं यशवंतरावांच्या काळातलं. माझे वडील ईबीसीवर शिकले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. देवराष्ट्रेच्या त्या आळीचा जो प्रश्न मला पडला, त्याचं निदान अर्धं उत्तर या निर्णयांत आहे. भाऊ पाठीशी नसले तरी पोराला शिकता यावं, अशी ती सोय होती.

उरलेलं अर्धं उत्तर तितकं गोड नाही. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात मराठवाड्याच्या विकासाकडे खास लक्ष देण्याचा शब्द होता. त्या करारावर यशवंतरावांचीही सही आहे. कृष्णाकाठी साखर कारखाने उभे राहिले, गावं सुधारली. आमच्याकडे मात्र 1983 ला अनुशेष मोजायला वि. म. दांडेकरांची समिती नेमावी लागली. शाळा मिळाली, पण शिकल्यावर काम मिळेना. आज मी पुण्यात कोड लिहितोय, त्याचं एक कारण हेही आहे. तेव्हा नुसतं कौतुक करून परत यायचं मला काही जमलं नाही. कृतज्ञताही आहे आणि तक्रारही.

देवराष्ट्रेला जरूर जा, मुलांना घेऊन जा. आणि घरी आजी-आजोबा असतील तर एक विचारा: 1956 च्या आधी आपलं गाव कोणत्या राज्यात होतं? मराठवाड्यात, विदर्भात किंवा सीमाभागात गाव असेल तर उत्तर ऐकून चकित व्हाल. लिहून ठेवा. आपल्या घरांची स्मारकं काही होणार नाहीत :)