९९.९ टक्के म्हणजे नक्की काय?

तांब्याची पट्टी विकत घ्यायला गेलं की दुकानदार दोनच गोष्टी विचारतो: जाडी किती आणि किलो किती. शुद्धतेचं विचारलंत तर उत्तर ठरलेलं, "प्युअर आहे साहेब, नाइन्टी नाइन पॉइंट नाइन." मला बॅटरी पॅकचे बसबार करायला पट्टी हवी होती, त्यामुळे गेले काही वीकेंड हा आकडा डोक्यात घुमतोय. ०.१ टक्क्यात असं काय मोठंसं बिघडणार? बरंच बिघडतं. आणि हे जगाला कळलं ते अटलांटिक महासागराच्या तळाशी.

तर मंडळी, साल १८५७. आयर्लंड ते न्यूफाउंडलंड तारायंत्राची केबल टाकायचं ठरलं होतं, कंपनीचं भांडवल साडेतीन लाख पौंड. केबलच्या पोटात तांब्याच्या सात तारांचा पीळ, सागरी मैलाला १०७ पौंड वजनाचा. त्यावर गटापर्चाचं (रबराचा चुलतभाऊ समजा) आवरण आणि बाहेर लोखंडी तारांचं चिलखत. तांब्याचं वजन, जाडी सगळं कागदावर लिहिलेलं, पण त्यातून वीज किती चांगली वाहिली पाहिजे याबद्दल करारात अवाक्षर नाही. कारण तांबं म्हणजे तांबं! लाल दिसलं, नीट ओढलं गेलं, तुटलं नाही, की झालं.

(जाता जाता: केबल दोन कंपन्यांना अर्धी अर्धी वाटून दिली होती, आणि दोघांनी चिलखताच्या तारा एकमेकांच्या उलट दिशेने पिळल्या. जोड दिला की पीळ सुटायला लागणार. इंटिग्रेशन टेस्टिंग शेवटी ठेवायची परंपरा आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहे :-) )

विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन झाले ते) तेव्हा ग्लासगोला प्राध्यापक आणि या कंपनीचे एक संचालक. लांब केबलमध्ये सिग्नल किती रेंगाळतो याचं गणित त्यांनी आधीच मांडलं होतं. आपल्या भाषेत ती एक लांबलचक आरसी सर्किट. रेझिस्टन्स लांबीबरोबर वाढतो, कपॅसिटन्सही वाढतो, म्हणून उशीर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. लांबी कमी करणं हातात नाही. मग उरतो रेझिस्टन्स, म्हणजे तांबं. म्हणून त्यांनी बाजारात मिळणाऱ्या तांब्याच्या तारांचे नमुने मोजायला घेतले, आणि तेही चक्रावले. दिसायला सारख्या, सगळ्या 'चांगल्या तांब्याच्या' म्हणून विकलेल्या तारांच्या वाहकतेत जवळजवळ दुपटीपर्यंत फरक होता. १८५७ सालीच रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडलं.

पण केबल तोवर बनली होती. त्या ऑगस्टमध्ये ती टाकताना तुटली, म्हणून पुढच्या वर्षासाठी जादा केबल लागली, आणि तिच्यासाठी मात्र थॉमसननी हट्ट धरला: प्रत्येक भेंडोळं कारखान्यातच मोजायचं, वीज नीट वाहिली नाही तर परत. कारखान्यात बसून विजेची मोजमापं करणारी ही जगातल्या अगदी पहिल्या व्यवस्थांपैकी एक. आज ज्याला क्यूए म्हणून आपण नाकं मुरडतो, तेच.

५ ऑगस्ट १८५८ ला केबल पूर्ण झाली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला साधारण १६ तास लागले. म्हणजे तासाला सहा शब्द. तरी एक काम तिने चोख केलं, आणि त्याचा संबंध आपल्याशी आहे. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातल्या दोन ब्रिटिश पलटणींना परत बोलावलं होतं. उठाव आवरत आल्यावर तो हुकूम रद्द झाल्याचा निरोप या केबलवरून गेला आणि सरकारचे सुमारे ५० हजार पौंड वाचले. त्यानंतर काही आठवड्यांतच केबल कायमची मुकी झाली.

आता न्यायाने सांगायचं तर केबल तांब्यामुळे मेली नाही. आवरण आधीच सदोष होतं, आणि कंपनीचे विजेचे प्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस (पेशाने शल्यवैद्य!) यांनी सिग्नल जात नाही म्हणून हजारो व्होल्ट लावले. पाठोपाठ तांबडा समुद्र ते कराची ही केबलही बंद पडली, आणि तिचे हप्ते सरकारच्या गळ्यात आले. मग मात्र रीतसर चौकशी बसली. १८६१ चा तो अहवाल म्हणजे त्या काळातला पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोलाची वस्तू.

या चौकशीसाठी लंडनचा रसायनशास्त्रज्ञ ऑगस्टस मॅथिसन याने तांब्याच्या जाती तपासल्या. शुद्ध तांबं १०० धरलं तर लेक सुपीरियरचं निसर्गतः सापडणारं तांबं ९८ च्या वर, ऑस्ट्रेलियातल्या बुरा बुरा खाणीचं ८८ च्या आसपास, रशियाचं ५९ आणि स्पेनच्या रिओ टिंटोचं... १४! हे काही भेसळीचं तांबं नव्हतं. त्यात साधारण दोन टक्के आर्सेनिक होतं, एवढंच. तारेसाठी घेतलंत तर विजेच्या दृष्टीने ते लोखंडाच्या जवळ जातं. कोणती अशुद्धी आहे हे किती आहे याच्याइतकंच महत्त्वाचं. चांदी थोडी मिसळली तर वीज ढिम्म हलत नाही, आर्सेनिक आणि फॉस्फरस मात्र चिमूटभरही महाग पडतात.

१८६६ च्या यशस्वी केबलमध्ये तांबं सागरी मैलाला ३०० पौंड, जवळजवळ तिप्पट, आणि तेही मोजून घेतलेलं. ती टाकणारं ग्रेट ईस्टर्न जहाज फेब्रुवारी १८७० मध्ये चक्क मुंबईहून एडनकडे केबल टाकत निघालं. त्याच सुमारास वेल्समधल्या पेंब्रे इथे जेम्स एल्किंग्टनने विजेनेच तांबं शुद्ध करायचा कारखाना काढला. विजेसाठी तांबं हवं आणि तांब्यासाठी वीज. सोनं-चांदी खाली गाळात बसते, ती वरकमाई. १९१३ मध्ये वाहकतेचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. गंमत म्हणजे आजचं उत्तम तांबं त्या मापावर १०१ टक्के भरतं, कारण शंभर म्हणजे १९१३ सालचं चांगलं तांबं.

मग आज प्रश्न कुठे उरला? त्याच ९९.९ मध्ये. बाजारात हा आकडा लावून किमान दोन वेगळी तांबी मिळतात. एक ईटीपी, वायर आणि बसबारचं. याच्यात ऑक्सिजन ०.०२ ते ०.०४ टक्के मुद्दाम ठेवलेला असतो, कारण तो उरलेली घाण ऑक्साइड करून बाजूला धरतो. (पूर्वी हे प्रमाण जुळवायला वितळलेल्या तांब्यात हिरव्या लाकडाचे ओंडके खुपसत!) दुसरं डीएचपी, नळांचं. यात तेवढाच फॉस्फरस टाकून ऑक्सिजन काढलेला असतो. वाहकता साधारण पंधरा टक्क्यांनी कमी. म्हणजे बसबारला ईटीपी. पण ब्रेझिंगसाठी टॉर्च लावायचा असेल तर डीएचपी, कारण ज्योतीतला हायड्रोजन ईटीपीमध्ये शिरतो, आतल्या ऑक्साइडशी भिडून वाफ होते आणि पट्टी आतून तडकते. साध्या डाखाला एवढं तापमान लागत नाही, तिथे बिनधास्त ईटीपी.

दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबायचं नसेल तर थॉमसनचाच प्रयोग घरी होतो. २० मिमी रुंद, १ मिमी जाड पट्टीतून १० अँपिअर सोडा आणि एक मीटर अंतरावर मिलिव्होल्ट मोजा. मीटरच्या पिना करंटच्या क्लिपांपासून वेगळ्या, पट्टीवरच टेकवायच्या, नाहीतर जोडाचाच रेझिस्टन्स मोजाल. (कॉलेजात केल्विन डबल ब्रिजचं प्रॅक्टिकल कशासाठी होतं, ते हे.) ईटीपी असेल तर ८.६ च्या आसपास, डीएचपी असेल तर १० च्या, आणि ३० दिसले तर ते पितळ आहे.

वाकवताना पट्टी कडक होत जाते. पुन्हा नरम करायला ती मंद लाल होईपर्यंत तापवून सरळ पाण्यात टाकली तरी चालते. पोलादासारखं तांबं त्याने कडक होत नाही. आणि कडक झालेल्या पट्टीची वाहकता जेमतेम दोन-तीन टक्के उतरते, तेव्हा त्याचं टेन्शन नको. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत याच गुणाचा उलटा उपयोग चालत आलाय. तापवून नरम केलेल्या पत्र्याचा हंडा घडवायचा आणि शेवटी मठारून तो पुन्हा कडक करायचा. हंड्यावरचे ते चमचमणारे ठिपके नक्षीसाठी आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यांच्याशिवाय भरलेला हंडा सहज पोचे खाईल.