तुमचं कर्ज विकलं जातं तेव्हा काय होतं? मालमत्ता-आधारित रोखे समजून घ्या

तुम्ही ज्या फायनान्स कंपनीकडून गाडीचं कर्ज घेतलंत, ते कर्ज आज तिच्याच मालकीचं असेल असं नाही. हप्ता त्याच कंपनीच्या नावाने कापला जातो, पावतीही तिचीच येते; पण ते पैसे पुढे एखाद्या बँकेकडे किंवा म्युच्युअल फंडाकडे जात असू शकतात. हजारो कर्जांचे येणारे हप्ते एकत्र करून त्यांच्या जोरावर रोखे काढणं म्हणजे सिक्युरिटायझेशन, आणि ते रोखे म्हणजे ॲसेट बॅक्ड सिक्युरिटीज. आपल्या बाजारात त्यांचं रूढ नाव पास थ्रू सर्टिफिकेट, थोडक्यात पीटीसी.

कंपनी कर्जं विकते कशाला?

एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यापुरते. एका एनबीएफसीने ट्रकमालकांना १४ टक्के व्याजाने, चार वर्षांसाठी १०० कोटींची कर्जं दिली. हे पैसे हळूहळू परत येणार, पण नवीन गिऱ्हाईक आज दारात उभं आहे. स्वतःच्या नावावर पैसे उभे करायचे तर कंपनी लहान, रेटिंग बेताचं, व्याज जास्त. म्हणून ती ही कर्जं एका ट्रस्टला विकते. ट्रस्ट पीटीसी काढतो, गुंतवणूकदार ती घेतात आणि कंपनीच्या हातात एकरकमी पैसा येतो. गुंतवणूकदाराला समजा ९ टक्के मिळतात. वसुलीचं काम कंपनीच करत राहते.

इथे रेटिंग देताना कंपनीच्या ताळेबंदापेक्षा त्या ट्रकमालकांच्या हप्त्यांकडे जास्त पाहिलं जातं. त्यामुळे बेताच्या रेटिंगच्या कंपनीच्या पीटीसीला तिच्या स्वतःच्या रेटिंगपेक्षा वरचं रेटिंग मिळू शकतं. बँकांचा यात आणखी एक स्वार्थ असतो. शेती, छोटे उद्योग अशा प्राधान्य क्षेत्राला ४० टक्के कर्ज देण्याचं बंधन त्यांच्यावर आहे. तसली कर्जं मागे असलेली पीटीसी घेतली की ती त्या हिशेबात धरता येतात.

तोटा आधी कोणाचा?

या व्यवहाराचा जीव इथे आहे. काही ट्रकमालकांनी हप्ते थकवले, तर आधी १४ आणि ९ मधला फरक खर्ची पडतो. तो पुरला नाही तर कंपनीने बाजूला ठेवलेली ठेव आणि तिचा स्वतःचा हिस्सा. तोही संपला तरच गुंतवणूकदाराच्या मुद्दलाला धक्का लागतो.

अमेरिकेत २००८ च्या आधी गृहकर्जांच्या बाबतीत नेमकं हेच सैल झालं होतं. कर्ज देणाऱ्याने ते लगेच पुढे विकलं, मग कर्जदार फेडेल की नाही याची चिंता त्याने का करावी? रिझर्व्ह बँकेच्या नियमांत याला दोन लगाम आहेत. २४ महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या कर्जांत कंपनीने किमान १० टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवायचा. त्याहून कमी मुदतीच्या कर्जांत आणि गृहकर्जांत ५ टक्के. शिवाय दोन वर्षांपर्यंतची कर्जं तीन महिने आणि त्याहून लांब मुदतीची सहा महिने सांभाळल्याशिवाय विकता येत नाहीत.

एवढं करूनही धोके उरतात

व्याजदर उतरले की कर्जदार दुसऱ्या बँकेत जाऊन जुनं कर्ज फेडून टाकतात. गुंतवणूकदाराचे पैसे मुदतीआधी परत येतात, आणि तेही नेमके कमी व्याजाच्या दिवसांत. कोणी बुडवलेलं नसतं, तरी अपेक्षित कमाई हुकते.

दुसरा धोका वसुली करणाऱ्या कंपनीचाच. कागदोपत्री कर्जं ट्रस्टची झालेली असतात, पण हप्ते आधी कंपनीच्या हातात येतात. मुंबईच्या डीएचएफएलच्या बाबतीत हे दिसलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीला देणी चुकती करण्यापासून रोखलं, तेव्हा पीटीसीधारकांचे पैसेही अडकले. लोक हप्ते भरत होते, पण पैसा पुढे सरकत नव्हता. नंतर न्यायालयाने हे पैसे देण्याची मुभा दिली. म्हणून पीटीसी घेताना हप्ते कोणत्या खात्यात जमा होतात, हा प्रश्न मला रेटिंगइतकाच महत्त्वाचा वाटतो.

कर्जदाराचं काय? तुमचं कर्ज विकलं गेलं तरी व्याज, मुदत, हप्ता यांत परस्पर बदल होत नाही.

आणि तुम्हाला पीटीसी घेता येईल का? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा रोख्यांत किमान १ कोटी रुपये घालावे लागतात, त्यामुळे सामान्य माणसासाठी हा दरवाजा बंदच. मात्र तुमच्याकडे डेट फंड असेल, तर त्याची गुंतवणुकीची यादी उघडून पाहा. तिथे एखाद्या ट्रस्टच्या नावासमोर ‘पीटीसी’ किंवा ‘सिक्युरिटाइज्ड डेट’ असं लिहिलेलं दिसलं, तर कुणाच्या तरी गाडीचे हप्ते तुमच्याकडेही येत आहेत.